दगडावरचा करार

वेळणेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला एक लहानसा मोहल्ला आहे. तिथला मुसा होडेकर जहाजावर नोकरीला होता. चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलात तो बावीस महिन्यांनी घरी आला, आणि दुपारच्या एसटीतून उतरला तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक आणि दूध पावडरीचे चार डबे होते. डब्यांत माती होती, आणि मातीत वीतभर उंचीची रोपं. पानं लांबट, वरून हिरवी, खालून राखाडी.

त्याची बायको मासूमा पडवीत उभी होती. तिने आधी डबे बघितले, मग नवऱ्याला. गालफडं बसली होती, दाढी अर्धी पांढरी झालेली. बाकीच्यांचे नवरे येताना टेपरेकॉर्डर आणतात, कापडाचे तागे आणतात, निदान साबणाच्या वड्या तरी.

"हे काय?" तिने विचारलं.

"जैतून. जहाजावर ऑलिव्ह म्हणतात."

हे नाव तिने लहानपणी मदरशात ऐकलं होतं. झाड कधी पाहिलं नव्हतं. "फळ कधी धरतं?"

"आठ-दहा वर्षं लागतात म्हणे. पण जगलं की हजार वर्षं जगतं." मुसाने डबे हळूच सावलीत ठेवले आणि मग पाण्याचा तांब्या मागितला.

काय घडलं होतं ते मासूमाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मालवाहतुकीचा धंदा बसला, कंपनीने हात वर केले, आणि जहाज ग्रीसच्या एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभं राहिलं. एकटं नव्हे, तिथे तशी कितीतरी जहाजं रांगेने उभी होती. खलाशांना सांगितलं, थांबा. ते अकरा महिने थांबले. सहा महिन्यांत जहाजावरचा शिधा संपत आला. मग मुसा किनाऱ्यावर जायला लागला, आणि तिथल्या डोंगरावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या शेतात कामाला लागला. कामाच्या बदल्यात भाकरी, डाळीचं कालवण, जैतुनाची खारवलेली फळं. म्हाताऱ्याचं नाव स्तेलिओ. सगळे त्याला बारबा म्हणत. बारबा म्हणजे काका. एकेकाळी तो शाळामास्तर होता, मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, आणि मुसाही जहाजावरचं तसलंच बोलायचा.

इथपर्यंत मासूमाला सगळं समजलं. पुढचं काही केल्या समजेना.

चौथ्या दिवशी मुसा पहार आणि घमेलं घेऊन घरामागच्या वरकस जमिनीवर चढला. तो उतार म्हणजे नुसती लाल माती आणि वर डोकं काढलेला कातळ. पूर्वी त्यावर नाचणी होई. अलीकडे गवत आणि मासूमाच्या बकऱ्या, बस. मुसाने जांभा दगड गोळा करून उताराला आडवा गडगा घालायला घेतला. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "ते लोक अर्धी जमीन एक साल पडीक ठेवतात. आपणही ठेवू."

"कोण लोक?"

"ग्रीसचे. आणि माती शेताबाहेर जाऊ देत नाहीत. चर खणला तर निघालेली माती परत तिथेच टाकायची, असा कायदा आहे त्यांचा."

"सरकारचा?"

"देवळाचा. जमीन देवळाची, ही माणसं खंडाने करायची."

"आणि हे सगळे तुम्हाला भेटले?"

मुसा हसला. "मेले ते. दोन हजार वर्षांच्या वर झालं."

मासूमाच्या हातातला घास तसाच राहिला. बावीस महिने वाट बघून नवरा आला, तर तो मेलेल्या माणसांबद्दल अशा तोंडाने बोलत होता जणू ती खाडीपलीकडच्या गावात राहतात.

मुसाने ट्रंकेतून एक वही काढली. बारबाच्या शेताजवळ एक पडकं जुनं बांधकाम होतं, त्याच्या भिंतीत एक कोरलेला दगड होता. त्यावर म्हणे खंडाचा करार. बारबाने एकेक ओळ वाचून इंग्रजीत सांगितली, मुसाने मराठीत उतरवून घेतली. त्याने आता ती मोठ्याने वाचली. द्राक्षवेलींची आळी दोनदा खणावी, अंजिराचं एकदा. शेणखत दरसाल ठरलेल्या टोपल्यांनी घालावं. पडलेला गडगा त्याच साली उभा करावा. देवाच्या जमिनीत बकरी-मेंढी सोडू नये. सोडली तर ती देवाची झाली.

शेवटचं वाचताना त्याने वहीतून डोळे वर केले. मासूमाला लगेच कळलं, हे कशाकडे चाललंय.

"माझ्या बकऱ्यांना कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणणार आहात."

तिच्या सात बकऱ्या होत्या. मनीऑर्डर यायची बंद झाली तेव्हा दूध विकून, दोन बोकड विकून तिने घर चालवलं होतं, मुलगी शमीमचं लग्न पार पाडलं होतं. त्या बकऱ्यांमुळे तिला कोणाच्या दारात जावं लागलं नव्हतं. आणि हा माणूस म्हणत होता की बकरी कोवळा कोंब ठेवत नाही, कोंब नाही तर मूळ नाही, मूळ नाही तर माती समुद्रात. बारबाने त्याला बेटावरचे बोडके डोंगर दाखवले होते. एकेकाळी तिथे दाट रान होतं. लोकांनी जहाजांसाठी लाकूड तोडलं, कोळसा पाडला, मग कळप सोडले.

मासूमाने सगळं ऐकून घेतलं आणि मनात आलं ते विचारलं. "त्यांना एवढं कळत होतं, दगडावर कोरून ठेवण्याइतकं, तर मग त्यांचे डोंगर बोडके कसे झाले?"

मुसाने वही बंद केली. तिसऱ्या दिवशी गडग्यावर दगड चढवता चढवता, खालून पाणी घेऊन आलेल्या मासूमाला म्हणाला, "मी बारबाला हे विचारायला हवं होतं. सुचलंच नाही."

तिला वाटलं होतं हा भांडेल. हे त्याहून वाईट होतं. तिला एकदम त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

तिने खेडला भावाला, फारुकला, चिठ्ठी पाठवली, की मेहुण्याला जरा येऊन समजाव. फारुकचं खेडच्या बाजारात छत्र्यांचं दुकान. तो आला, मुसाबरोबर उतारावर गेला, दुपारभर तिथेच बसला. उतरला तेव्हा त्याच्या पायजम्याला लाल माती लागली होती.

"काय म्हणाले?" मासूमाने विचारलं.

"म्हणतात ते सगळं बरोबर आहे," फारुक म्हणाला. "पण ते का म्हणतात, ते मला कळलं नाही. दोन दगड मीही लावले." आणि चहा पिऊन तो एसटीला गेला.

मे महिन्याअखेर तीन गडगे उभे राहिले. कमरेएवढे, सरळ, टोकाला टोक जुळलेले. चारही रोपं मुसाने मधल्या गडग्यामागे लावली. उताराच्या पायथ्याशी केरू गोंबऱ्याचं भाताचं खाचर होतं. केरू आणि मुसा एका वयाचे, लहानपणी एकत्र चिंबोऱ्या पकडलेले. केरू एकदा वर आला, कमरेवर हात ठेवून तिन्ही गडगे बघितले.

"मुसाभाय, गडगं झाक झालं. पन पानी कुठनं जानार?"

"जिरेल."

"एवडं?"

"तिकडे जिरतं."

केरूने डोकं खाजवलं. तिकडे म्हणजे कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि जग हिंडून आलेल्या माणसाला उलटं बोलणं त्याला बरं वाटलं नाही. तो खाली उतरला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पावसाने थारा दिला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मासूमा गोठ्यात बकऱ्यांना पाला टाकत असताना मागून आवाज आला, दगडांनी भरलेला ट्रक कोणी रिकामा करावा तसा. ती बाहेर धावली. वरच्या गडग्यामागे पाणी तळ्यासारखं तुंबलं होतं आणि गडग्याचं मधलं पोट फुटलं होतं. ते पाणी दुसऱ्या गडग्यावर आदळलं. तो हलला, वाकला, गेला. मग तिसरा. लाल चिखल, दगड, मुळासकट निघालेलं गवत, सगळं खाली केरूच्या खाचरात.

चार दिवसांपूर्वीच केरूची लावणी झाली होती.

मासूमा इरलं न घेताच खाली पळाली. केरू बांधावर उभा होता, त्याची बायको मैना शेजारी. निम्म्या खाचरात रोप दिसतच नव्हतं. केरू ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "दगड आधी काडूया. रोप थोडी ऱ्हायलीत घराकडं."

मैना चिखलात उतरली. मासूमाही उतरली. दोघी वाकून दगड उचलायच्या, बांधाकडे फेकायच्या. थोड्या वेळाने मुसा आला. तो पाय ओढत आला आणि तिसरा वाकला. दुपारपर्यंत दगड निघत राहिले.

घरी आल्यावर मासूमाने चूल पेटवली, त्याला कोरडं लुंगीबनियन दिलं. तो वही उघडून बसला. पानं उलटत होता, जणू कुठेतरी लिहिलेलं असेल आणि आपल्या नजरेतून सुटलं असेल.

"तिकडे पाऊस किती पडतो?" मासूमाने विचारलं.

"पडतो. थंडीत. आठवड्यात एकदा, कधी दोनदा. बारीक."

"थंडीत? आणि पावसाळ्यात?"

"तेव्हा तिकडे उन्हाळा. एक थेंब नाही. पाच-पाच महिने."

मासूमा फुंकणी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे सगळं उलटं आहे तिकडे."

"हो."

"आणि तिकडचा वर्षाचा पाऊस इथे..."

"चार दिवसांत," मुसा म्हणाला. आता हिशेब त्याच्याही ध्यानात आला होता. "तिकडे पाणी धरून ठेवायला गडगा घालतात. इथे..." त्याने पुढचं सोडून दिलं. त्याला हसू आलं की रडू, हे मासूमाला चुलीच्या उजेडात नीट दिसलं नाही. त्यालाही ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

पाऊस उघडल्यावर मुसा केरूकडे गेला आणि मला शिकव म्हणाला. केरूला वाटलं, थट्टा करतोय. पण मुसा खरंच वही घेऊन गेला होता. मग केरूने सांगितलं: गडगा सरळ नको, उताराकडे पाठ टेकवून बसलेल्या माणसासारखा मागे झुकलेला हवा. एका टोकाला पाण्याला वाट ठेवायची, तिथे खाली सपाट दगड पसरायचे, म्हणजे पडणारं पाणी खड्डा करत नाही. कडेला वाळा लावायचा, त्याची मुळं खोल जातात. आणि वरच्या गडग्याची वाट उजवीकडे असली तर खालच्याची डावीकडे.

मुसाने हे सगळं दगडावरच्या कराराच्या खाली लिहिलं. केरू वहीत डोकावला, जरा लाजला. "ह्यात लिवायचं काय? हे सगल्यांनाच म्हाईत."

"सगळे कुठे आहेत?" मुसा म्हणाला. "तुझे दोन्ही लेक मुंबईला. माझ्या भावाचे कुवेतला."

घरी येऊन मुसाने हे मासूमाला सांगितलं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी समजायच्या जवळ आलो होतो, पण ते पुन्हा निसटलं.

रोपं गडग्याच्या टोकाला होती म्हणून लोंढ्यातून वाचली, पण चारांपैकी दोन पावसात कुजली होती. उरलेली दोन सप्टेंबरात तरारली, नवी पानं फुटली. मुसा रोज सकाळी त्यांच्यापाशी उकिडवा बसायचा. भात कापणीच्या दिवसांत मासूमा मैनाला मदत करायला खाचरात गेली, आणि जाताना आवाराच्या बेड्याची, बांबूच्या फाटकाची, आडवी काठी सरकवायची राहिली. ती राहिली की तिने राहू दिली, हे तिला पुढे कितीदा आठवूनही नक्की सांगता आलं नाही. त्या सकाळी ती मुसावर चिडलेली होती, एवढं खरं. परत आली तेव्हा काळी पाठ, सातांतली तरुण बकरी, बाहेर होती आणि दोन्ही रोपांचे फक्त खुंट उरले होते.

ती तिथेच बसली. काय सांगायचं याची तिने मनात जुळवाजुळव केली. दोर तुटला म्हणावं. कुणी वाटसरूने बेडं उघडं टाकलं म्हणावं. मुसा बाजारातून आला, आणि तिने एका दमात खरं तेच सांगून टाकलं.

"बेडं मी उघडं टाकलं. मुद्दाम की चुकून, मलाच माहीत नाही."

मुसा खुंटांकडे गेला, वाकून बघितलं. मग येऊन तिच्याजवळ दगडावर बसला.

"ती इथे फळली नसती," तो म्हणाला. "जैतुनाला थंडी लागते. कडक. त्याशिवाय फूल धरत नाही. बारबाने मला सांगितलं होतं."

"मग आणली कशाला?"

"त्याने दिली म्हणून." मुसा जमिनीवर बोटाने रेघा ओढू लागला. "त्याचे दोन्ही लेक ऑस्ट्रेलियात. त्याच्या डोंगरावर नऊ गडगे आहेत, एकाखाली एक. आजा-पणजाच्याही आधीचे. दरसाल एखादा ढासळतो. त्याच्याने आता दगड उचलवत नाही. मी तिथे होतो तेवढ्यात सहा नीट केले. सर्वांत वरचा राहिला. मी म्हटलं, तो जानेवारीत करू. आणि डिसेंबरात आमच्या वकिलातीचा माणूस आला, उद्याच्या विमानाने निघा म्हणाला. बारबा तेव्हा तापाने पडला होता. त्याच तापात उठून त्याने ही रोपं खणून दिली. मी म्हटलं, परत येतो, वरचा गडगा घालतो."

"डिसेंबरात? तुम्ही तर एप्रिलात आलात."

"मुंबईत कंपनीच्या दारात बसलो होतो. चार महिने. तुला कळवायचं धाडस झालं नाही. आता मला कोण जहाजावर घेणार? पन्नाशी आली. तो गडगा घालायला मी काही परत जात नाही. तेव्हा आलो आणि इथे घालायला लागलो. तुला खरं सांगू, का ते मलाही नीट कळत नाही."

मासूमाला हे सगळं एकदम झेपलं नाही. चार महिने हा माणूस मुंबईत होता, एका एसटीच्या अंतरावर, आणि ती इथे वाट बघत होती. याबद्दल भांडायला हवं होतं. आणि हजारो कोस दूरच्या म्हाताऱ्याचा गडगा आपल्या उतारावर घालणं, याला काय म्हणायचं? वेडेपणा, की वचन पाळणं? तिने त्या दिवशी भांडण केलं नाही. ते तिने पुढच्या आठवड्यात केलं, आणि चांगलं तीन दिवस केलं.

भांडण संपलं तेव्हा ती म्हणाली, "बकऱ्या मी देणार नाही. पण मोकळ्या सोडणार नाही. बांधून ठेवीन. पाला तुम्ही आणायचा, रोज, कोयती घेऊन."

"सात बकऱ्यांचा?"

"सातांचा. कधी कुठला तोडायचा ते तुमच्या दगडाला विचारा, नाहीतर केरूला."

मुसाने कबूल केलं. दिवाळीनंतर तो आणि केरू मिळून गडगे पुन्हा उभे करू लागले, या वेळी मागे झुकलेले, टोकाला वाट ठेवलेले. केरू पहिल्या गडग्याला मदत करणार होता, दुसऱ्यालाही आला. मैना आणि मासूमा वाळ्याचे गड्डे लावत गेल्या. पुढचा पाऊस काय करील हे कोणालाच ठाऊक नव्हतं. केरू म्हणायचा, टिकंल. मुसा आता काहीच म्हणत नव्हता.

जानेवारीच्या अखेरीला पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. निळ्या कडेचं, परदेशी तिकिटाचं. पत्ता इंग्रजीत, वेडावाकडा, कोणीतरी बघून बघून काढल्यासारखा. मुसाने उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. आत एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. सगळं ग्रीक.

"बारबाचं?" मासूमाने विचारलं.

"त्याचं अक्षर नाही. तो मला इंग्रजीत लिहील." मुसाने पान उजेडाकडे धरलं. त्याला थोडी अक्षरं येत होती, जहाजांची नावं वाचण्यापुरती. "हे स्तेलिओ. हे बघ, इथे पुन्हा स्तेलिओ. खाली सही कुणा बाईची वाटते. हा आकडा... तारीख असेल. अकरा नोव्हेंबर."

"अकरा नोव्हेंबरला काय झालं?"

"कसं कळणार?"

कदाचित म्हातारा गेला होता आणि कुणा शेजारणीने कळवलं होतं. कदाचित तो बरा झाला होता आणि हात कापतो म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं. कदाचित लेक परत आला होता. मुसा पत्र घेऊन चिपळूणला गेला, रत्नागिरीला एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे गेला. प्राध्यापकांनी चष्मा लावून बघितलं आणि ही लिपी येणारा माणूस जिल्ह्यात नसावा असं सांगितलं. मग त्याने पत्राची नक्कल मुंबईच्या एका जुन्या खलाशी दोस्ताकडे पाठवली. उत्तर आलं नाही. तरी तो रोज टपालाच्या वेळी घरात थांबायचा.

एका संध्याकाळी मासूमा मगरिबची नमाज पढून दुवेला हात उचलून बसली. त्या म्हाताऱ्याने आपल्या माणसाला पाच महिने खाऊ घातलं होतं; त्याच्यासाठी काही मागावं असं तिच्या फार मनात होतं. पण काय मागावं? जिवंत असेल तर तब्येत मागायची. गेला असेल तर माफी आणि शांती मागायची. जिवंत माणसासाठी मेलेल्याची दुवा मागितली तर अपशकुन. मेलेल्यासाठी तब्येत मागितली तर मूर्खपणा. शिवाय तो आपल्यातला नाही, तेव्हा आपण मागितलेलं त्याच्या खाती पोचतं का, हेही तिला कोणाला विचारायचं सुचलं नव्हतं. हात उचललेले तसेच राहिले. दंड दुखायला लागले.

मुसा आत आला. ती इतका वेळ बसलेली बघून दारातच थांबला.

"कोणासाठी मागतेस एवढं?"

"बारबासाठी."

"काय मागितलंस?"

"अजून काहीच नाही," मासूमा म्हणाली. "तुम्ही बसा इथे. दोघं मिळून विचार करू."

मुसा तिच्या शेजारी चटईवर बसला, आणि त्यानेही हात उचलले.